जंगल आधीपासून तिथेच होते: बर्लिनच्या श्प्रेपार्कचे प्रकरण

बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानांचे फोटो आता सगळ्यांनीच पाहिलेले असतात. गंजलेला आकाशपाळणा, रोलर कोस्टरच्या रुळांवर चढलेल्या वेली, तिकीटखिडकीतून बाहेर आलेले झाड. त्याखालची ओळही ठरलेली असते: निसर्गाने आपली जागा परत घेतली. ही ओळ मला अपुरी वाटते आणि थोडी दिशाभूल करणारीही, कारण तिच्यात माणसे कुठेच दिसत नाहीत. उद्यान कोणत्या करारावर उभे राहिले, कर्जाला तारण काय होते, कुलूप कोणी लावले आणि ते इतकी वर्षे कोणालाच का उघडता आले नाही, हे सगळे पानांखाली झाकले जाते.

बर्लिनचा श्प्रेपार्क मुळापासून पाहावा तो याचसाठी. तिथले जंगल सगळे संपल्यावर आलेले नाही. पहिल्या दिवसापासून ते या व्यवहारातला एक पक्ष होते. उद्यान बुडाले त्यात त्याचा वाटा होता, आणि आज ती जागा पुन्हा उघडायचे चालले आहे तेही बऱ्याच अंशी त्याच्याच अटींवर.

जागा

बर्लिनच्या आग्नेयेला श्प्रे नदीच्या काठी ट्रेप्टो हा भाग आहे. तिथे नदीला लागून प्लेंटरवाल्ड नावाचे शहराचे जुने जंगल आहे. बर्लिनचे लोक पिढ्यानपिढ्या सुटीच्या दिवशी बोटीने नाहीतर पायी इकडे येत. काठावर आयरहॉयशेन नावाचे प्रसिद्ध उपाहारगृह होते. त्याची आजची इमारत १८९० च्या दशकाच्या सुरुवातीची. म्हणजे मनोरंजन उद्यान यायच्या कितीतरी आधीपासून हे जंगल शहराच्या विरंगुळ्याचे ठिकाण होते.

पूर्व जर्मनीच्या स्थापनेला २० वर्षे होत होती. त्या निमित्ताने ४ ऑक्टोबर १९६९ रोजी या जंगलातल्या सुमारे २९ हेक्टर जागेवर ‘कुल्टुरपार्क प्लेंटरवाल्ड’ सुरू झाले. त्या देशात फिरत्या जत्रा भरत, पण कायमस्वरूपी मनोरंजन उद्यान एवढे एकच होते. मधोमध ४० मीटर उंचीचा आकाशपाळणा होता. १९८९ मध्ये ४० व्या वर्धापनदिनासाठी तो काढून ४५ मीटर उंचीचा आणि ४० डब्यांचा नवा पाळणा उभा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. चांगल्या दिवसांत इथे वर्षाला १७ लाखांपर्यंत लोक येत. पूर्व बर्लिनमध्ये लहानाचे मोठे झालेल्यांना या पाळण्याचे जे वाटते, त्याला तिथल्या राजकारणाशी फार देणेघेणे नाही. शाळेची सहल, आईबाबांबरोबरचा रविवार, पहिल्यांदा एकट्याने काढलेले तिकीट, असा तो मामला आहे. पुढे ही जागा सहजासहजी पाडून टाकता आली नाही, त्यामागे हा जिव्हाळाही होता.

करार

एकीकरणानंतर शहराने उद्यान खासगी हातात द्यायचे ठरवले. १९९१ मध्ये ते श्प्रेपार्क नावाच्या कंपनीकडे गेले. कंपनी नॉर्बर्ट विट्टे यांची होती, आणि विट्टे जत्रेत पाळणे चालवणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या नावामागे आधीच एक मोठा अपघात होता. १९८१ मध्ये हांबुर्गच्या जत्रेत आपल्या रोलर कोस्टरच्या दुरुस्तीसाठी त्यांनी क्रेन लावली होती. क्रेनचा दांडा शेजारच्या फिरत्या पाळण्यावर आदळला आणि सात माणसे गेली. अशा माणसाकडे शहराने हे उद्यान का सोपवले, हा प्रश्न बर्लिनमध्ये पुढे अनेकदा विचारला गेला. तो रास्तच होता. पण माझ्या मते या प्रकरणात माणसापेक्षा कराराचा प्रकार जास्त महत्त्वाचा ठरला.

जमीन शहराचीच राहिली. कंपनीला मिळाला तो दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. जर्मन कायद्यात या प्रकारच्या पट्ट्याला जवळजवळ मालमत्तेचा दर्जा आहे: तो विकता येतो, वारसाला देता येतो, आणि त्यावर बँकेचे कर्जही काढता येते. कर्ज पट्ट्याला चिकटते. पट्टेदार बुडाला तर जमिनीचा मालक उठून कुलूप तोडू शकत नाही, आणि नव्याने पट्टा घेणाऱ्यालाही आधी तारणाचा हिशेब मिटवावा लागतो. त्या वेळी ही बाब कोणाला फारशी बोचली नसावी. उद्यान चालू होते, माणसे येत होती.

नव्या चालकांनी जागेचा चेहराच बदलला. पूर्व जर्मनीच्या काळात बराचसा परिसर डांबरी होता. ते डांबर जवळजवळ सगळे उखडून टाकले, झाडेझुडपे लावली, पाण्याचे पाट आणि तळी केली. आता तिथे जत्रा न दिसता पश्चिमेकडच्यासारखे थीम पार्क दिसायला हवे होते. फ्रान्समधले मिरापोलिस हे उद्यान १९९१ मध्येच बंद पडले होते, तिथून सामान आले. पुढे जगभरच्या फोटोंत गाजलेले डायनासोरही इथे उभे होते. जुन्या इंग्लंडसारखी दिसणारी एक वस्तीही उभी राहिली.

डांबर उखडायचा हा निर्णय लक्षात ठेवावा. श्प्रेपार्कमध्ये पुढे रान इतक्या लवकर कसे माजले याचे अर्धे उत्तर तिथे आहे. माती दहा वर्षे आधीच मोकळी झालेली होती, त्यात झाडे रुजलेली होती, पाणी खेळवलेले होते. १९७० च्या दशकातले डांबरी उद्यान बंद पडले असते तर तेवढ्याच वर्षांत तिथे याच्या निम्मेही दिसले नसते.

पार्किंग

उद्यान खासगी झाले तशी येणाऱ्यांची रीतही बदलली. पूर्वी लोक लोकल ट्रेनने किंवा बोटीने येत. १९९० च्या दशकात पूर्वेकडच्या घरांतही गाड्या आल्या, आणि बाहेरगावचे कुटुंब थीम पार्कला जायचे म्हटले की गाडीनेच निघू लागले. त्या गाड्या लावायच्या कुठे? भोवतालचे प्लेंटरवाल्ड संरक्षित क्षेत्र होते. वाहनतळासाठी झाडे तोडायला परवानगी मिळणे शक्य नव्हते. उद्यानाच्या चालकांची ही कायमची तक्रार राहिली.

तक्रारीत तथ्य होते, तरी अपयशाचे सगळे खापर जंगलावर फोडणे मला मान्य नाही. पूर्वी प्रत्येक पाळण्याचे वेगळे तिकीट असे. ज्याला जेवढे परवडे तेवढे तो फिरे. पुढे आत शिरतानाच एकरकमी पैसे घेणे सुरू झाले, आणि १९९९ पासून कर्ज डोईजड होत गेले तसे प्रवेशमूल्य ३० मार्कांपर्यंत (मार्क म्हणजे युरोआधीचे जर्मन चलन) पोचले. एकीकरणानंतर पूर्वेकडचे कारखाने बंद पडले होते, घरोघरी बेकारी होती. शेजारच्या वस्तीतले कुटुंब उन्हाळ्यात चार वेळा यायचे, ते आता एकदाही येईना. २००१ मध्ये वर्षभरात फक्त ४ लाख लोक आले. त्याच वर्षी दिवाळे जाहीर झाले.

लिमा

यापुढचा भाग सनसनाटी आहे, म्हणून श्प्रेपार्कबद्दल कुठेही वाचले तरी तोच आधी येतो. जानेवारी २००२ मध्ये विट्टे कुटुंबासह पेरू देशातल्या लिमा शहरी गेले. दुरुस्तीला पाठवतो असे सांगून सहा पाळणे २० कंटेनरांत भरून सोबत नेले. तिथले उद्यान चालले नाही. मग त्यातल्या ‘उडता गालिचा’ या पाळण्याच्या खांबात दीडशे किलोहून जास्त कोकेन लपवून जर्मनीला पाठवायचा प्रयत्न झाला आणि तो पकडला गेला. २००४ मध्ये विट्टे यांना बर्लिनच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. लिमात अडकलेल्या त्यांच्या मुलाला तिथल्या न्यायालयाने २० वर्षांची. बापाच्या धंद्यात मुलाच्या वाट्याला आलेली ही शिक्षा वाचून वाईट वाटते. जागेच्या दृष्टीने मात्र यातली एकच गोष्ट महत्त्वाची: पट्टेदार कंपनी बुडाली, चालक देशाबाहेर गेला, मागे सुमारे १ कोटी १० लाख युरोंचे कर्ज राहिले, आणि फाटकाला कुलूप लागले.

बारा वर्षांत काय उगवले

बर्लिनमध्ये पडीक जागेवर काय उगवते याचा अभ्यास जगात इतरत्र क्वचितच झाला असेल इतका झालेला आहे. महायुद्धात शहराचा मोठा भाग ढिगारा झाला होता. पश्चिम बर्लिन भिंतीने वेढलेले असल्यामुळे तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना आसपासच्या खेड्यांत, रानात जाता येत नव्हते. हर्बर्ट झुकॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग शहरातलेच ढिगारे, रेल्वेचे यार्ड, रिकामे प्लॉट वर्षानुवर्षे तपासले. त्यातून शहरी परिसंस्थेचे शास्त्र उभे राहिले. झुकॉप यांचे विद्यार्थी इंगो कोवारिक यांनी पुढे निसर्गाची चार प्रकारांत मांडणी केली: मूळचा निसर्ग, शेती आणि जोपासलेली वने, आखीव बागा, आणि चौथा म्हणजे शहराने सोडून दिलेल्या जागेवर आपोआप उगवलेला. या चौथ्यात बाहेरून आलेल्या आणि मूळच्या वनस्पती एकत्र नांदतात. तो मूळच्या जंगलाची नक्कल नसतो. त्या मातीत, त्या ढिगाऱ्यावर जे तगू शकते त्याचा तो मेळ असतो.

उघड्या जागेवर सर्वांत आधी येणाऱ्यांत बर्च असतो. त्याचे बी इतके हलके, की वारा नेईल तिथे पडते, आणि त्याला मातीही नावापुरतीच लागते. डांबराच्या भेगेत, पन्हाळीत साचलेल्या पाचोळ्यात, सिमेंटच्या चौथऱ्याच्या कडेला ते रुजते. भेग आधी पाण्याने पडलेली असते: हिवाळ्यात फटीतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो सुमारे नऊ टक्के फुगतो आणि डांबर उचलतो. दरवर्षी थोडे थोडे. मूळ त्यात मागून शिरते आणि भेग पुन्हा मिटू देत नाही. बर्लिनच्या पडीक जागांवरचे दुसरे हमखास झाड रोबिनिया. ते उत्तर अमेरिकेतून सतराव्या शतकात युरोपात आले. शेंगवर्गीय असल्याने ते मुळांवरच्या गाठींतून नत्र जमिनीत आणते आणि निकस जागेत झपाट्याने वाढते. आपल्याकडच्या सुबाभळीसारखेच: एकदा आले की तोडले तरी बुडख्यातून पुन्हा फुटते, आणि आसपासची माती आपल्या सोयीने बदलून टाकते.

श्प्रेपार्कमध्ये याला आणखी दोन गोष्टींची जोड होती. एक म्हणजे कुंपणापलीकडचे प्लेंटरवाल्ड, बियांचा न संपणारा साठा. दुसरी म्हणजे १९९० च्या दशकात लावलेली झाडे, ज्यांची छाटणी अचानक थांबली. म्हणून तिथल्या हिरवळीत तीन थर होते: जुन्या जंगलातून आत आलेला, माणसाने लावून सोडून दिलेला, आणि वाऱ्याने आलेला. फोटोत तिन्ही एकाच रंगाचे दिसतात. ‘निसर्गाने घेतलेली’ म्हणतो त्यातली बरीचशी झाडे माळ्याने लावलेली होती.

वस्तूंचेही असेच. प्रत्येक पदार्थ आपल्या गतीने जातो. लाकडी फलाटांना बुरशी लागली आणि ते आधी खचले. लोखंड पृष्ठभागावर गंजते, पण जाड नळीचा रूळ कितीतरी वर्षे आकार धरून राहतो. म्हणून रोलर कोस्टर झाडांत बुडूनही ओळखू येतो. आणि डायनासोर फायबरग्लासचे. त्यांना बुरशी खात नाही, मूळ आत शिरत नाही. उन्हाने वरचा रंगाचा थर पांढुरका, भुकटीसारखा होतो, सावलीच्या बाजूने शेवाळ बसते. शेवाळाला खडबडीत पृष्ठभाग आणि ओल पुरते, त्यापलीकडे ते त्या अंगाला काही करत नाही. हे डायनासोर पडले ते निसर्गामुळे नव्हेच. कुंपण ओलांडून रात्री आत शिरणाऱ्यांनी ते पाडले आणि फोडले. फुटलेल्या पायातून आतली पोकळी आणि काचेचे धागे दिसू लागले. हा कचरा कुजत नाही, तो उचलावाच लागतो. झाडांच्या गर्दीत असे पदार्थ असतात, हे विसरून ‘निसर्ग सांभाळून घेईल’ म्हणणे धोक्याचे आहे.

मोठा पाळणा मात्र उभा राहिला. त्याला ब्रेक लावलेला नव्हता, त्यामुळे जोराचा वारा सुटला की तो आपोआप हळूहळू फिरे. तो फिरताना पाहिलेल्या अनेकांनी त्याच्या करकरण्याबद्दल लिहिले आहे.

कुलूप का निघाले नाही

राजधानीत, नदीकाठी, २९ हेक्टर. इतकी मोक्याची जागा बारा वर्षे पडून कशी राहिली? गिऱ्हाइके नव्हती असे नाही. मोठ्या उद्यान कंपन्यांशी बोलणी झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. पण येणाऱ्या प्रत्येकासमोर तीच भिंत होती. पट्टा बुडालेल्या कंपनीचा, पट्ट्यावर बँकेचे तारण, जमीन शहराची, आणि भोवताली संरक्षित जंगल. पट्टा घ्यायचा तर कर्जाचे काय हे ठरवा. कर्ज फेडण्याइतके कमवायचे तर गर्दी हवी. गर्दीसाठी पार्किंग हवे. आणि पार्किंगसाठी जंगल तोडता येत नाही. एकेक अडचण सुटण्यासारखी होती, पण त्या एकमेकींत अडकल्या होत्या.

जंगलाला बारा वर्षे मिळाली ती या गुंत्यामुळे. कोणी मुद्दाम दिली नव्हती. म्हणूनच इथे ‘निसर्गाचा विजय’ म्हणायला मी तयार नाही. कागदपत्रांचा गुंता २००५ मध्ये सुटला असता तर त्याच वर्षी बुलडोझर आला असता.

जागा पूर्ण ओसही नव्हती. पहारेकरी होते, कुंपण ओलांडणारी तरुण मुले होती, छायाचित्रकार होते. २००९ पासून रीतसर फेऱ्या सुरू झाल्या. पुढे काही काळ लहान मुलांची जुनी आगगाडीही चालली. लोक पैसे देऊन मोडकळीला आलेले उद्यान पाहायला येऊ लागले, आणि माझ्या मते शहराला यातून एक धडा मिळाला: पाळणे न फिरताही या जागेला माणसे येतात.

२०१३ मध्ये पट्ट्याचा लिलाव पुकारला गेला, पण तो तडीस गेला नाही. अखेर २०१४ च्या वसंतात शहराने स्वतःच पट्टा परत विकत घेतला. आपल्याच जमिनीवरचा हक्क पैसे मोजून सोडवावा लागला. एकीकरणानंतरच्या घाईतल्या करारात तारणाला मर्यादा घातली असती, किंवा पट्टेदार बुडाल्यास पट्टा आपोआप शहराकडे येईल असे पक्के कलम ठेवले असते, तर हे टळले असते असे मला वाटते. महापालिकेच्या जागा दीर्घ मुदतीने खासगी हातात देणाऱ्या कोणत्याही शहराने हा भाग नीट वाचावा.

त्याच वर्षी १० ऑगस्टच्या संध्याकाळी आग लागली. जुन्या इंग्लंडच्या वस्तीतल्या लाकडी इमारती जळाल्या. शंभरावर अग्निशमन जवान लागले. आग लावली गेली असावी असा संशय होता. बारा वर्षांत रानाने जेवढे मोडले नव्हते तेवढे एका रात्रीत गेले.

उघडायचे, पण किती

२०१६ मध्ये जागा ‘ग्र्यून बर्लिन’ या शहराच्या मालकीच्या कंपनीकडे आली. ही निवड मला सर्वांत योग्य वाटते, कारण या कंपनीकडे अशाच एका जागेचा अनुभव होता: शोनेबर्गचे ज्युडगेलेंडे. तो टेम्पेलहोफच्या जुन्या रेल्वे यार्डाचा भाग, १९५२ मध्ये बंद पडलेला. शहर दुभागलेले असल्याने तो तसाच राहिला. १९८१ मध्ये तिथल्या ३७ टक्के जागेवर झाडझाडोरा होता, १९९१ मध्ये ७० टक्क्यांवर. तिथे नवे मालवाहू यार्ड करायचा बेत रहिवाशांनी लढून हाणून पाडला, आणि २००० मध्ये ते १८ हेक्टरांचे निसर्ग उद्यान म्हणून उघडले.

ज्युडगेलेंडेत शिकण्यासारखे असे, की तिथे सगळे जंगलावर सोडले नाही. तसे केले असते तर सगळीकडे एकसारखी दाट राई झाली असती, आणि उघड्या, कोरड्या, खडीच्या जमिनीवर जगणारे कीटक आणि गवते संपली असती. म्हणून काही पट्टे दरवर्षी कापून मोकळे ठेवतात, काही मधल्या अवस्थेत, आणि काही ठिकाणी हातच लावत नाहीत. नाजूक भागातून जमिनीपासून उचललेली लोखंडी वाट नेली आहे. माणसे तिच्यावरून चालतात, खाली उतरत नाहीत. जुना पाण्याचा टॉवर, रूळ, फिरता रेल्वे-मंच, सगळे जागच्या जागी आहे.

श्प्रेपार्कचा आराखडा याच वळणाचा आहे. मनोरंजन उद्यान पुन्हा सुरू करायचे नाही. कला, संस्कृती आणि निसर्ग यांचे सार्वजनिक उद्यान करायचे, आणि जुन्या पाळण्यांपैकी काहींना नवे काम द्यायचे. मोठा पाळणा जानेवारी २०२१ मध्ये उतरवून दुरुस्तीला नेला. तो पुन्हा उभारून फिरता करायचा आहे. आयरहॉयशेनची इमारतही ओसाड पडली होती. ती दुरुस्त होऊन २०२४ मध्ये उपाहारगृह आणि कलाकारांच्या निवासासह उघडली. बाकी उद्यानाच्या उद्‌घाटनाची तारीख पुढे सरकत सरकत २०२७ पर्यंत आली आहे.

उशिराचे एक कारण खुद्द जंगल आहे. ओसाड इमारती, पोकळ खोडे, छपराखालच्या फटी म्हणजे वटवाघळांची घरे. जर्मनीच्या संघीय निसर्गसंरक्षण कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार संरक्षित प्राण्यांची विणीची आणि विश्रांतीची ठिकाणे मोडता येत नाहीत, आणि तिथली सगळी वटवाघळे संरक्षित आहेत. म्हणजे एखादी मोडकी भिंत पाडायची तर आधी तिच्यात कोण राहते ते पाहा, पर्यायी घर तयार करा, आणि मग योग्य ऋतूत काम करा. पक्ष्यांची घरटी असतील तर वसंत आणि उन्हाळ्यात झाडाला हात नाही. ठेकेदाराला हे जाचक वाटते यात नवल नाही. पण लोक इथे येणार आहेत ते या राईसाठीच. ती तोडून उद्यान लवकर उघडण्यात अर्थ नाही.

तरी झाडे तोडावी लागलीच. मुरलेल्या पाटांचे काठ, गंजलेल्या रुळांखालची जमीन, जुन्या विजेच्या तारा हे सगळे साफ केल्याशिवाय लहान मुलांना आत सोडता येत नाही. रहिवाशांनी आणि निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला. मला दोन्ही बाजू कळतात. पण ज्या बर्चच्या मुळाशी फुटक्या फायबरग्लासचा ढीग आहे, त्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून कुंपणात ठेवणे हेही प्रामाणिक नाही. कोणता तुकडा साफ करायचा, कोणता मोकळा ठेवायचा आणि कोणत्या तुकड्याकडे पाठ फिरवायची, हे दर काही वर्षांनी ठरवत राहण्याचे काम आहे. त्यासाठी वनस्पती ओळखणारे माळी कायम नेमावे लागतात, त्यांचे पगार दरवर्षीच्या अर्थसंकल्पात धरावे लागतात. उद्‌घाटनाच्या खर्चात हे सहसा धरत नाहीत.

दुसऱ्या दोन जागा

श्प्रेपार्कवरून सगळ्या बंद उद्यानांचा निष्कर्ष काढू नये, म्हणून दोन उदाहरणे. न्यू ऑर्लिन्सचे जॅझलँड २००० मध्ये उघडले, पुढे सिक्स फ्लॅग्ज कंपनीकडे गेले, आणि ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात बुडाले. सखल, मुळातच पाणथळ जमीन. खारट पाणी महिनाभर साचून राहिले. उंच चौथऱ्यावर असल्यामुळे एक रोलर कोस्टर तेवढा वाचला, तो टेक्सासला नेला. तिथे खरोखर पाण्याने जागा परत घेतली असे म्हणता येईल, पण माणसाने ती आधी चुकीच्या ठिकाणी बांधली होती. पाडायला सुरुवात झाली २०२४ मध्ये. जपानमधले नारा ड्रीमलँड १९६१ चे. ते २००६ मध्ये बंद झाले, दहा वर्षे वेलींनी झाकले गेले, फोटोंमुळे जगप्रसिद्ध झाले, आणि विकले गेल्यावर २०१६ नंतर पाडले गेले. तिथले जंगल जागा मोकळी असेपर्यंतचेच ठरले. तिन्ही ठिकाणी झाडे सारखीच उत्साहाने वाढली. पुढे काय झाले ते जमीन कोणाची होती आणि भोवती कोणता कायदा होता, यावर ठरले.

आता

श्प्रेपार्कमध्ये १९९० च्या दशकातला प्रश्न अजून जसाच्या तसा उभा आहे. उद्यान उघडले की लाखो माणसे येतील. शहर म्हणते, गाड्यांना जागा मिळणार नाही. लोकल ट्रेन, सायकल आणि बस यांनी या. प्लेंटरवाल्डलगतच्या वस्त्यांत राहणाऱ्यांचा यावर विश्वास नाही. गाड्या येतीलच आणि आपल्या गल्ल्यांत लागतील, असे त्यांना वाटते, आणि गर्दीच्या रविवारी काय होते हे त्यांनी पाहिलेले आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, जंगल तोडून वाहनतळ करावा म्हणून नव्हे, तर नुसती बंदी पुरत नाही म्हणून. शंभर वर्षांपूर्वी लोक इथे नदीने येत होते, आणि नदी अजून तिथेच आहे. आकाशपाळण्याच्या पहिल्या फेरीची तारीख जाहीर करण्याआधी शहराने बोटींचे वेळापत्रक आणि तिकिटाचा दर जाहीर करावा, आणि तो दर लोकल ट्रेनच्या तिकिटाएवढाच ठेवावा.